बदकं कुठे गेली?

बॉस्टन, पण अमेरिकेतलं नव्हे.
लिंकनशरमधलं, सपाट, कोबीचं,
जिथे आभाळ फार आणि बसथांबे कमी.
तिथल्या तळ्यावरची अकरा बदकं
एका आठवड्यात दिसेनाशी झाली.

पाळी संपली की आई रोज तिथे बसायची,
पॅकिंग शेडमध्ये गारठलेले हात मांड्यांखाली दाबून.
शेजारी निळी पिशवी,
पिशवीत शिळा पाव.

फोटोत पाव आला नाही.
चौकटीबाहेर राहिला,
तशीच बाकाच्या दुसऱ्या टोकाची मिसेस थ्रॉसेल,
जिच्याकडे तसलीच पिशवी होती.
उरली आई, आणि तिचं अर्धवट उघडं तोंड.
ती जांभई देत होती.

वर मथळा, बोटभर जाडीचा:
बदकं कुठे गेली?

प्रश्नचिन्हाची करामत मला फार पुढे कळली.
प्रश्नाला खोटं ठरवता येत नाही,
कोर्टात उभा केला तर खांदे उडवतो:
मी फक्त विचारलं.
खाली 'फस्त' हा शब्द एकेरी अवतरणात,
मेलेला उंदीर चिमट्याने उचलून
शेजारच्या अंगणात टाकावा तसा.

डांगुओले, ४३, स्थलांतरित.
दोन स्वल्पविरामांत कोंडलेल्या तिच्या वयाचा
बदकांशी काय संबंध, मी अजून शोधते आहे.
मिसेस थ्रॉसेल मात्र तिसऱ्या परिच्छेदात
'दोन नातवंडांची आजी', 'हादरलेली'.
त्यांना नाती होती, आम्हाला आकडे.
आम्ही लोंढा होतो, पूर होतो,
माझी आई, जिला पोहता येत नाही.

"काय लिहिलंय गं?"
तिचं इंग्रजी कोबी, ओव्हरटाइम, सॉरी, थँक्यू.
मी तेरा वर्षांची, शाळेचा टाय अजून गळ्यात.
मी बोट ठेवून, ओळीओळीने वाचून दाखवलं:
तळ्यावरची बदकं हरवली आहेत.
ही बाई त्यांना रोज खाऊ घालायची.
तिला फार काळजी वाटते.

आई हरखली.
फोटो काही बरा आला नाही, म्हणाली,
पण माणसं चांगली दिसतात.
कात्रण कापलं, फ्रिजवर लावलं
स्ट्रॉबेरीच्या चुंबकाखाली.

आणि सकाळी, मी उठायच्या आत,
ते शेडमध्ये दाखवायला घेऊन गेली.

संध्याकाळी परतली तेव्हा काही बोलली नाही.
ओले बूट दाराशी काढले,
त्यांत पेपरची उरलेली पानं कोंबली,
हवामान, घोडे, कुठल्याशा नटीचे गुडघे.
कात्रण पुन्हा चुंबकाखाली सरकवलं.
बऱ्याच वेळाने विचारलं,
"हे शेवटी आकड्यासारखं वळलेलं काय आहे?"
प्रश्नचिन्ह, मी म्हटलं.
"मग उत्तर कुठे लिहायचं असतं?"

बदकं ऑक्टोबरात सापडली.
गाळ उपसायचा म्हणून कौन्सिलच्याच माणसांनी
ती गिरणीमागच्या डबक्यात नेली होती.
अकराच्या अकरा, उलट जरा लठ्ठ.
पराचा कावळा पहिल्या पानावर झाला होता,
कावळ्याचा पर झाला चौतिसाव्या,
शर्यतीच्या कुत्र्यांच्या निकालाखाली,
काडेपेटीएवढ्या जागेत.
त्यातही आईच्या नावातलं एक अक्षर गळलेलं.
तो मी तिला वाचून दाखवला नाही.
तिनेही विचारलं नाही.

आता मी न्यायालयात दुभाषी आहे.
शपथ घेते: जसंच्या तसं, पदरचं काही नाही.
कधी एखादी बाई माझ्या ओठांकडे बघत राहते,
काय म्हणाले ते? काय म्हणाले?
मी श्वास घेते.
कुठेतरी जुना फ्रिज गुरगुरतो.
मग सगळं सांगते.