आधी परवाना

पाथर्डी फाट्यावर पिवळे बॅरिकेड तिरपे लावलेले,
पुलाखाली शिट्टी, टॉर्च, वर केलेला पंजा.
तुषारने व्हॅन कडेला घेतली
आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.
मागच्या सीटवर, सतरंजीत गुंडाळलेली,
आव्हाडांची बारा बोअर.

हे सगळं शिकवून गेले होते.
आधी देवळालीच्या तोपखान्यात,
मग बावीस वर्षं बँकेच्या रोकडगाडीवर,
नाशिकरोड ते सटाणा, सटाणा ते नाशिकरोड.
जेवता जेवता ताटावरून हात वर करून दाखवायचे:
पोलिसानं थांबवलं की इंजिन बंद,
आतला दिवा चालू,
दोन्ही हात असे, त्याला दिसतील असे.
आणि शब्दांचा क्रम चुकवायचा नाही.
आधी 'बंदूक' म्हणालीस
तर पुढचं काही त्याच्या कानात शिरत नाही.
आधी 'परवाना'. मग 'बंदूक'. लगेच 'रिकामी'.

मी म्हणायचे, मला कशाला सांगता,
मी काय दरोडे घालत फिरणारे?
हे भाकरी मोडत म्हणायचे, पाठ कर.

पाठ होतं.
पण परवान्यावर फोटो त्यांचा,
आणि त्यांना जाऊन आज बारावा दिवस.

"मागं काय आहे?"
पोरगाच होता. छातीवर पाटी, खैरनार.
मिशी अजून नीट ठरलेली नाही.
मी तोंड उघडलं आणि क्रम सांडला.
"मालक वारले," म्हणाले मी.
मग, "त्यांची बंदूक."
त्याचा हात कमरेला गेला
आणि नेमका तेव्हाच तुषारचा हात
समोरच्या कप्प्याकडे, कागद काढायला, बिचारा.

"हात वर! हात वर कर!"

रस्ता वाहतच होता.
एक द्राक्षांचा ट्रक हॉर्न देत गेला.
टॉर्चच्या उजेडात डॅशबोर्डवर माझे हात होते,
इतक्या दिवसांत मी ते पहिल्यांदाच पाहिले.
"साहेब," मी म्हणाले,
"कागद त्या कप्प्यात आहेत.
आम्ही काढू, की तुम्ही काढता?"

हे वाक्य यांचंच. आवाज तेवढा माझा.

फौजदार आले, पोट पुढे, चहाचा कप हातातच.
परवाना पाहिला, दाखला पाहिला,
बंदूक मोडून नळ्यांतून पलीकडे पाहिलं,
तिथे बहुधा पुलाचा दिवा दिसला असेल.
"तेल कुणी घातलं?"
"मी. काल."
"बरं. ठेवा इथंच, आम्ही पोचवतो अंबडला."
"पावती?"
"काकू, आम्ही पोलीस आहोत."
"म्हणूनच पावती."
तुषारने पायाने माझ्या पायाला खुणावलं.
मी पाय हलवला नाही.

शेवटी खैरनारच मागे बसला,
बंदूक मांडीवर, दुसऱ्याचं मूल घ्यावं तशी,
कुठे धरायची ते न कळून.
गरवारेपर्यंत कुणी बोललं नाही.
मग तोच म्हणाला, "मी घाबरलो होतो."
मी म्हणाले, "दिसलं."

ठाण्यात कारकुनाने नोंद केली:
दोन नळी, बारा बोअर, नग एक.
काडतुसं दहा.
"घेतली किती होती?"
"दहा."
त्याने मान वर केली. बावीस वर्षं?
मी पावती पदराच्या टोकाला बांधली,
मग सोडून नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली,
यांना पदराच्या गाठी आवडत नसत.

परतताना पुन्हा तोच फाटा, दुसरी बाजू.
दुसरी शिट्टी, दुसरा पोरगा.
तुषारने इंजिन बंद केलं. आतला दिवा लावला.
मी हात वर घेतले.
"परवाना," म्हणाले,
आणि पुढचा शब्द शोधत राहिले.
"मागं काय आहे, काकू?"

"सतरंजी."