नऊचा माणूस

पाच तारीख उलटली की वसुलीला निघतो,
तासगावात, वरचे गल्लीपासून भिलवडी नाक्यापर्यंत.
खांद्यावर वायरचं वेटोळं, खिशात पावतीबुक,
आणि प्रत्येक उंबऱ्यावर विषय तोच.

नाव कुणी घेत नाही त्याचं.
"तो आला का?" विचारतात,
जावई यायचा असल्यासारखं.

नेमगोंडा चौगुले, बेदाण्याचे अडते.
यांच्या वडिलांनी रुमालाखाली बोटं दाबून
अख्ख्या जन्माचे भाव ठरवले,
यांनीही सौद्यात कधी आवाज चढवला नाही.
नऊ वाजले की ताट पुढ्यात ओढतात
आणि पडद्यावरचा गडी टेबलावर मूठ आपटतो
तेव्हा यांचा घास थांबतो, मान डोलते.
"मनातलं बोलतो रे," म्हणतात मला,
पण मनात काय होतं, ते
तो बोलेपर्यंत त्यांनाही माहीत नसतं.

भिंतीपलीकडे धाकटा, अण्णासो.
विहीर वाटली, बाग वाटली, शेडची पत्र्यांसकट वाटणी झाली,
केबल मात्र बरीच वर्षं एकच होती.
ती तुटली या माणसापायी.
कुठल्याशा चर्चेवर वाद झाला, पाण्याचा तांब्या भिरकावला,
दुसऱ्या दिवशी मी नवं कनेक्शन जोडून आलो.
खोटं कशाला बोलू, माझा धंदा त्यानं वाढवला.

अण्णासोही तेच चॅनल लावतात.
नातवाच्या वहीत मागच्या पानावर रेघा मारतात,
त्याच्या प्रत्येक खोट्याला एक रेघ.
"नरडं बघ, नरडं. असला माणूस घरात घ्यायचा?"
असं म्हणत रोज घरात घेतात.
वही भरली की दुसरी आणवतात.
एवढा नेम त्यांनी औषधाच्या गोळ्यांचा पाळला नाही.

नाक्याजवळ मेहरुन्निसा मुलाणी, शिवणकाम करतात.
त्या आवाज बंद करून बघतात.
मी म्हटलं, चाची, बिघाड आहे का?
"नाही रे. नुसतं बोट बघते त्याचं.
कुणाकडं रोखलंय ते कळलं
की उद्या पोराला बाजारात कुठल्या रस्त्यानं पाठवायचं
ते ठरवता येतं."
पावती फाडताना माझा हात जरा अडखळला.
त्यांनी सुटे पैसे मोजून दिले.

मग श्रावणात चार दिवस तो आलाच नाही.
त्याच्या जागी एक गुळगुळीत पोरगा,
दोन्ही बाजू ऐकून घेणारा.
पहिल्याच रात्री थोरल्यांचा फोन :
"वायर कुठं तुटलीय बघ."
पाच मिनिटांनी धाकट्यांचा :
"आजारी आहे का रे तो?"
आवाजात इतकी काळजी, की मला वाटलं भावाचं विचारतायत.
भावाला साखर आहे, पाय सुजतात,
हे त्यांना मीच सांगितलं, त्याच फोनवर.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "उद्या येईल ना पण?"

मुलाणींच्या टीव्हीवर त्या चार दिवसांत
शेवयांचं ताट वाळत होतं.

पाचव्या दिवशी तो परत आला, घसा बसलेला.
दोन्ही घरांत आलं कुटल्याचा आवाज ऐकला,
म्हणजे मला तसं वाटलं. शपथेवर नाही सांगत.

नवाला मी बहुधा खांबावर असतो.
वरून सगळं गाव दिसतं,
खिडक्या एकदम लाल होतात, एकदम निळ्या,
एकाच क्षणी, एकाच उचकीसरशी.
कुठली खिडकी वाहवा म्हणतेय, कुठली शिव्या घालतेय,
वरून कळत नाही.
पावती दोघांची सारखीच, दोनशे ऐंशी.

बायको विचारते, तू रे? तू कुणाकडचा?
मी बघतच नाही, म्हणतो. सिग्नल तपासतो.
जाहिरात लागेपर्यंत.