दोन बोटं माया

भांडुपला स्टेशन रोडवर घाडींचं दुकान.
सायकली छताला टांगलेल्या,
चाकं वर, हँडलं खाली.

नवरा म्हणाला, चोवीसची घेऊ,
दहावीपर्यंत बघायला नको.
तो कारखान्यात स्टोअर सांभाळतो,
एका वस्तूची दोनदा पावती फाडणं त्याला पटत नाही.
त्याचंही खरं आहे.
मीसुद्धा वीस वर्षं हेच करत आले.
जूनमध्ये शाळेचे पिनाफोर टाकायला आलेल्या आया
दारातूनच सांगतात,
ताई, माया सोडा बरं का, वाढतं अंग आहे.
मी सोडते. कडेला दोन बोटं, खाली चार.
पुढच्या जूनला उसवते
तेव्हा दुमडीतून निघतो
न विटलेला गडद निळा पट्टा.
पोर किती वाढली, ते आधी कापडाला कळतं.

पण सायकलीला माया कुठे सोडायची?

मैथिलीला चोवीसवर बसवलं.
एका पायाचा अंगठा कसाबसा फरशीला,
दुसरा पाय अधांतरी.
तोंडाने मात्र, "पोचतंय, आई. पोचतंय बरोबर."
ताईचे बूट घालून, पुढे कापूस कोंबून
मीही असंच म्हणत असे.

मी शिकले मामाच्या सायकलीवर.
काळी, दांडीची, कॅरिअरला दुधाच्या किटल्यांचे चट्टे.
दांडीखालून पाय घालून मारायची,
अंग एकीकडे, सायकल दुसरीकडे,
जशी काही दोघींची अबोला धरून वरात.
बघणारे कौतुक करायचे.
ब्रेकपर्यंत बोटं पोचतात का
हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
हनुवटीखाली तीन टाके आहेत.
वाकडे. मी घातले असते तर बरे घातले असते.

पर्समधून टेप काढला.
घाडी हसले. "मॅडम, वय सांगा, वयावर असते."
वयावर काही नसतं हो.
चौथीच्या एका वर्गातल्या तीस पोरी
माझ्या वहीत तीस मापांच्या आहेत.
मैथिली, चपला काढ. टाचा भिंतीला.
आतली उंची साडेतेवीस.
आता या विसाच्यावर बस. ब्रेक दाब.
मूठ मिटली.
आता उचल.
आमच्याकडे लिफ्ट नाही, तिसरा मजला.
रात्री खाली ठेवली तर सकाळी बेल तरी जाते नाहीतर सीट,
आणि उरलेलं खाडीची हवा खाते.
ती उचलून चार पावलं चालली,
जिभेचं टोक दातात धरून.

वीसची. गिअर नको.
पिवळी. हवी होती निळी, पण निळी नव्हती.

नवरा गप्प. बिल देताना एवढंच म्हणाला,
"म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा."
पुन्हा.
ही तुझ्या भावाच्या ईशानला होईल.
बाकीचं मी बोलले नाही,
सुटे पैसे मोजत राहिले.

निघताना घाडींनी सीटची नळी ओढून दाखवली.
लोखंडावर कोरलेली बारीक रेघ.
"रेघ दिसली की थांबायचं.
त्याच्यावर घेतली तर पोरगी पडेल.
तेव्हा समजायचं, सायकल संपली."
मी वाकले, टेप लावला.
चार इंच.
भर दुकानात मला हसू फुटलं.
नवऱ्याने विचारलं, काय झालं?
काही नाही म्हटलं. त्याला शिवण येत नाही.

दिवाळीआधी ब्लाउजांच्या ढिगात
मान वर करायला फुरसत नव्हती.
एका रात्री दीड वाजता मशीन झाकून
दाराची कडी बघायला गेले.
पॅसेजमध्ये ग्रिलला साखळीने बांधलेली पिवळी,
सीट बोटभर वर.
खाली पायरीवर माझ्या मशीनचा पाना,
जो मी सकाळपासून शोधत होते,
आणि भिंतीवर तेलकट पंजा, माझ्या कमरेच्या थोडा वर.

सीट धरून हलवून पाहिली.
घट्ट होती.
रेघ अजून आत.