हाताची पाठ

गुरुवारी रात्री मुलीनं विचारलं, मासे आणलेस का?
गुरुवारी. आमच्या घरात.
मी फ्रिजमागे बघितलं, ओट्याखाली बघितलं,
शेजारच्या मांजरीला विनाकारण दोन शब्द बोलले.
खिडकी उघडली तर मणेराजुरीच्या बाजूनं
बेदाण्याच्या शेडमधला गंधक आला. तो वेगळा, ओळखीचा.
हा पोर्चमधून येत होता.

गाडी शांत उभी. चौसष्ट टक्के,
हिरवा दिवा डोळा मिचकावतोय,
आणि भिंतीवरच्या सॉकेटच्या एका भोकाभोवती
चहाच्या कपाखाली उमटतो तसला तपकिरी गोल.
एमसीबी पाडला.
मग अंधारात भिंतीकडे बघत बसले बराच वेळ,
जशी काही ती उठून कुठं जाणार होती.

दस्तगीर मुलाणी सकाळी आला, गालात लवंग.
मेन बंद केला, टेस्टर लावला, पुन्हा एकदा लावला,
प्लेट उघडली आणि आधी नाक नेलं जवळ.
"बेकलाईट जळलं की मासळीच वास मारती, मॅडम.
लोकं उंदीर हुडकत बसत्यात."

आत पितळेची दोन पाती असतात,
प्लगची पिन चिमटीत धरायची एवढंच त्यांचं काम.
चौदा महिने रोज रात्री आत, रोज पहाटे बाहेर,
आणि मी तर घाईत वायर धरूनच ओढायची.
(गोठ्यात वासरू असं ओढणाऱ्यांना मी झापते.)
पाती फाकली होती. ओठ काळे.
मागचा स्क्रू अर्धा आटा सैल.
"इस्त्री धा मिनिटं वढती, गीझर पंधरा.
ही बया आठ तास सलग वढती.
त्यात रात्री शेतातल्या मोटारी लागल्या की व्होल्टेज पडतंय,
मग चार्जर अजून जोर लावतोय. पितळ किती सोसंल?"

हिरवी वायर त्यानं बोटानं ओढून बघितली.
सरळ हातात आली. वीतभर.
भिंतीच्या आत तिचं दुसरं टोक
कशालाच जोडलेलं नव्हतं.

त्यानं लवंग थुंकली.
"ह्यो पॉइंट मीच काढलाय. तुम्ही वॉशिंग मशीन म्हणाला हुता तवा.
अर्थिंग बघायला पायजे हुतं.
बघितलं न्हाई."
आणि पुढं काही नाही. स्क्रू मोजत बसला तळहातावर.

मला विसापूरची एक गाय आठवली,
जिचे कान मी फोनवरूनच तपासले होते.
सकाळी येते, म्हणाले होते.

दोन दिवस लागले. मीटरपासून वेगळी जाड वायर,
निळा, झाकणाचा, मूठभर जाडीचा सॉकेट,
त्याच्यापुरता वेगळा ब्रेकर,
अंगणात कढीपत्त्याजवळ खड्डा, कोळसा आणि मीठ.
"उन्हाळ्यात बादलीभर पाणी घालत जावा. तिलाबी तहान लागती."
मजुरी त्यानं निम्मीच घेतली. मी वाद घातला नाही.

जाताना गाडी लावून तासभर थांबला,
मग उलटा हात टेकवला प्लगवर, बोटांची पाठ.
मी विचारलं, तळवा का नाही?
"शॉक बसला की मूठ आवळती, मॅडम.
तळव्यानं धरलं तर सुटत न्हाई."
आम्हीही कान असाच बघतो, मी म्हणाले.
वेगळ्या कारणानं. पाठीला गारवा लवकर कळतो.
त्यानं मान हलवली, पटलं की नाही कळलं नाही.

काल पावणेदोनला येळावीहून फोन.
व्यायलेली म्हैस, उठत नाही, मान पोटाकडे वळवलीय.
सकाळी येते, हे शब्द ओठांवर आले होते.
पोर्चमध्ये गेले. एकाहत्तर टक्के, पुरेसे.
प्लगला उलटा हात लावला: कोमट, माणसाइतका.
डोकं धरून सरळ काढला,
झाकण बंद केलं,
कॅल्शियमच्या बाटल्या सीटवर टाकल्या,
आणि गाडी निघाली तेव्हा
आवाज झाला तो फक्त खडीचा.