सोमवार मिरचीचा

डब्यावर नाव घालू नका, म्हणतो मी लोकांना.
खडू पुसतो, चिठ्ठी उंदीर नेतो.
झाकण काढलं की मला कळतं
दाणा कोणाच्या घरचा.

काळमेघांच्या गव्हाला एरंडेलाचा जड, गोडसर वास.
पंचफुला मेश्रामची ज्वारी
कडुलिंबाच्या पाल्यात झोपून आलेली.
भाकर कडू नाही लागत,
पण वासाच्या कपाळावर एक हिरवी आठी असते.
रेशनचा तांदूळ मात्र सगळ्यांचा सारखाच:
गोणपाट, गोदाम,
आणि अंधारात कुणीतरी मुतून गेलेलं.
तो दळताना मी खर्रा थुंकत नाही.
असू दे, वासाला वास.

हरभऱ्याची डाळ पडली की
शाळा सुटलेली पोट्टी दारात थांबतात,
नाक वर करून, फुकटात.
सगळ्यात लहानीला वाटतं
लाडू इथंच बनतात, आम्ही लपवतो.

मिरचीचा दिवस सोमवार.
तो मी नाही ठरवला, ग्रामपंचायतीनं ठरवला,
दिगांबर गावंडेच्या अर्जावरून.
अर्जात होतं: सदर वासामुळे
आमच्या म्हशी दूध चोरतात.
याच गावंडेच्या अंगणात बारमाही ढेप भिजते.
तिचा आंबूस वास माझ्या दुकानात
न विचारता येऊन बसतो, उधारीवाल्यासारखा.
मी कधी अर्ज केला नाही.
मला तो आवडतो,
हे गावंडेला सांगायची गरज नाही.

बायको वरुडकडची, संत्र्याच्या बागेतली.
नवी असताना माझा शर्ट धुवायला घेतला
आणि मोरीतच ओकली.
तापलेला पट्टा, ऑइल, पीठ, घाम.
"माणूस आहे का इंजिन?"
तिनं तिच्या आईला विचारलं, माझ्यासमोर.
आठ दिवसांसाठी माहेरी गेली, महिनाभर राहिली.
तिकडं बहर फुटला होता.
परत आली तेव्हा मी विचारलं, आता?
म्हणे, "वास आहे तसाच आहे.
मीच नाक तिकडं ठेवून आली."
मला स्वतःला तो वास अजून आलेला नाही.
पुष्कळदा बाही हुंगून पाहिली.

फवारणीच्या दिवसांत सगळ्या गावाचं नाक एक होतं.
दारं लागतात. बाया पदर दातांत धरतात.
त्याच दिवसांत शालिक उईकेचा डबा उघडला मी
आणि तसाच बंद केला.
"काहून बापा? दळत काहून नाही?"
"हा डबा कायचा होता, शालिक?"
त्यानं झाकण काढून हुंगलं. पुन्हा हुंगलं.
डबा हलवला, जसा वास तळाशी बसला असेल.
"मले तं कायचाच येत नाही."
येतच नव्हता त्याला.
चार हंगाम दुसऱ्यांच्या वावरात पाठीवर पंप,
रुमाल बांधला तर बांधला.
कधीपासून, तेही त्याला सांगता येईना.
"जेवनाले चव नाही म्हणून मी बायकोवर खेकसतो
दिवाळीपासून," म्हणाला,
आणि मग बराच वेळ काही म्हणाला नाही.
दाणे आम्ही दोघांनी खड्ड्यात पुरले,
वर दगड ठेवले, कोंबड्या हाकलल्या.
पायलीभर ज्वारी माझ्या कोठीतून दिली.
ती घेताना त्यानं हुंगली नाही.

आता सोमवारी तो येतो.
दळण नसतं. पायरीवर बसतो.
मिरची पडते, दगड तापतो,
रांगेतल्या बाया शिंकतात, हसतात, शिव्या घालतात,
मी तोंडाला फडकं बांधतो.
शालिकचे डोळे वाहतात. शिंक येत नाही.
तोंड उघडं ठेवून बसतो,
वासाला दुसरा रस्ता सापडेल म्हणून.
"कोणती होय?" विचारतो.
"भिवापुरी."
"भिवापुरी," म्हणतो तो,
आणि शब्द गिळतो.

पलीकडं गावंडे खिडकी आपटतो.