वारुळाची माती

विटेला माती वारुळाचीच लागते,
असं सिक्वेसे गवंडी म्हणाला,
तेव्हा बायका हसल्या:
म्हणजे वाळवीनं अर्धी शाळा आधीच बांधून ठेवलीय.
सहा वारुळं फोडली.
सातवं सोडलं. त्याखाली चिलोंगाचा
आजा पुरलाय म्हणतात,
खरंखोटं वाळवीला ठाऊक.

पाणी ओढ्यावरून, डोक्यावरून.
घरटी रोज चार बादल्या ठरल्या होत्या.
मी पाच न्यायची,
माझी तुम्पाले आठवीत होती
आणि मला घाई होती.

आठवीच्या पुढची शाळा चौतीस किलोमीटरवर.
तिथे मुली भाड्याच्या खोपीत राहतात,
तीन दगडांवर आपलं आपण रांधतात,
पीठ संपलं की
कुणीतरी सायकलवाला पीठ आणून देतो.
पुढचं मी सांगत नाही.
आमच्याकडे घरोघरी एक तरी पुढचं आहे.

साच्यातून वीट काढताना
मी कडेला अंगठा दाबायची.
सही येत नाही म्हणून नव्हे,
येते मला, चौथीपर्यंत गेलेय.
मोजायला खूण हवी म्हणून.
नऊशेनंतर मोजणं सोडलं,
अंगठा दाबणं राहिलं.

भट्टी पाच रात्री पेटती ठेवायची.
तिसऱ्या रात्री पाळी चिलोंगाची.
गावमुखी झाला तरी माणूसच, डोळा लागला.
एका कुशीच्या विटा कच्च्या राहिल्या,
नखाने खरवडलं तरी भुगा.
कुणी काही बोललं नाही.
सकाळी त्याची बायको
कुदळ घेऊन वारुळापाशी उभी,
आम्हा सगळ्यांच्या आधी.

सरकार म्हणालं होतं
भिंती तुम्ही उभारा, पत्रे आम्ही देऊ.
भिंती उभ्या राहिल्या.
पत्रे देणारा साहेब बदलला.
नव्या साहेबानं टेप लावून भिंती मोजल्या,
वहीत लिहिल्या,
कोंबडी खाल्ली, गेला.
पुढची तीन वर्षं
नववीच्या वर्गात शेळ्या बसल्या.

तुम्पाले थांबली नाही.
चौतीस किलोमीटर गेली,
एक सत्र टिकली,
आणि परत आली.

पत्रे आले तेव्हा लॉरी
मोडक्या लाकडी पुलाच्या पलीकडेच थांबली.
ड्रायव्हर म्हणाला, इथवरच भाडं ठरलंय.
मग आम्हीच.
एका पत्र्याला दोन डोकी, अकरा किलोमीटर,
ऊन इतकं की पत्रा धरवेना, चुंबळी ओल्या करून घेतल्या.
टेकडीवरून माझ्या सासूनं पाहिलं.
तिला नीट दिसत नाही.
म्हणाली, अगं, तळं चालत येतंय.

शाळा सुरू झालीय आता. एकच खोली.
जुन्या बॅटऱ्या फोडून, त्यातली काळी पूड कालवून
भिंतीवर फळा रंगवलाय.
मास्तर म्वेनिफुम्बो गणित शिकवतात,
भूगोल शिकवतात, शेतीही शिकवतात,
शेतीच्या तासाला मुलं खाली बघून हसतात.
हजेरीत एकतीस नावं.
खिडक्यांना झडपा नाहीत.

खिडकीखाली तुम्पाले बसते,
पाठीशी पोर बांधलेलं,
पुढ्यात उकडलेल्या शेंगांची टोपली.
गिऱ्हाईक मधल्या सुट्टीत येतं.
ती सकाळी घंटेलाच येते.

मास्तर म्हणाले, इथे बसू नकोस,
मुलांचं लक्ष जातं.
ती उठली, पोर सावरलं,
टोपली उचलली,
आणि सरकली.
एक वीट.

मी काही म्हटलं नाही.
बाजारात वहीची किंमत तेवढी विचारून आले.

दुसऱ्या वर्गाच्या भिंती अजून कमरेएवढ्या आहेत.
काल सातव्या वारुळापाशी सभा झाली.
चिलोंगा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला,
मग कुणाकडे न पाहता म्हणाला,
आजोबांना वाचता येत नव्हतं.
एवढंच म्हणाला.
याचा अर्थ फोडा की फोडू नका,
यावर अजून वाद चाललाय.
मी बादली घासून ठेवलीय.