वरच्या मजल्यावरचा वर्ग

मंगळवारी चार ते साडेपाच.
वेल्समधल्या एका दरीतलं अग्निशमन केंद्र,
खाली दोन लाल बंब, वर
टेबल, दोन खुर्च्या, बिस्किटांचा डबा.
गेथिन प्रॉसर, वय एकेचाळीस,
खुर्ची दाराकडे वळवून बसतो.

शिकवायला एलुनेड. सत्तावीस वर्षं आगी विझवल्या,
आता गुडघे शिडी चढत नाहीत.
ती विचारत नाही, का केलंस?
ते कोर्टानं विचारून झालंय, डॉक्टरांनीही.
ती विचारते, सोफा पेटला की खोली किती वेळ टिकेल?
दहा मिनिटं, गेथिन म्हणतो.
ती घड्याळ लावून फिल्म दाखवते.
तीन मिनिटांत खोली उरत नाही.
परत लाव, तो म्हणतो.
हे शिकणं आहे की भूक, तिला कळत नाही.
ती परत लावत नाही.

तिसऱ्या आठवड्यात कागद.
लिही त्या रात्रीचं, सुरुवातीपासून.
गेथिनचं अक्षर पाचवीतल्या पोरासारखं,
एकेक शब्द पोतं उचलल्यागत.
दुपारी भांडण. संध्याकाळी चार कॅन.
मग बोलिंग क्लबची शेड.
मग आग लागली.

ती शेवटच्या शब्दाखाली बोट ठेवते.
त्याच्या भाषेत वाक्य मोडून नव्यानं बांधावं लागतं,
आपल्याकडे एका अक्षराचं काम:
ग काढायचा, व घालायचा.
तेवढ्याला गेथिनला
दोन कप चहा आणि एकवीस मिनिटं लागतात.
कागद तिथं जरा फाटतोही.

पाचव्या खेपेला नकाशा.
शेड. शेडमागे कुंपण. कुंपणामागे?
काही नाही.
मग बऱ्याच वेळानं एक चौकोन, चौकोनात खिडकी.
मिसेस गॉफ, तो म्हणतो. रात्री नाकात नळी असते तिच्या,
ऑक्सिजनची.
दर गुरुवारी तिचा कचरा मीच बाहेर ठेवतो.
पेन्सिल खिडकीच्या चौकटीवरून फिरत राहते,
फिरत राहते, जाड होते चौकट,
आतलं काही दिसेनासं होतं.
एलुनेड कागद ओढून घेत नाही.

मध्येच खाली भोंगा. बंब निघतो.
गेथिन जागचा हलत नाही,
मान मात्र वळते.
तिचीही.

शेवटच्या मंगळवारी तो लायटर टेबलावर ठेवतो.
निळा, प्लास्टिकचा, अर्धा भरलेला.
दोघं त्याच्याकडे बघत राहतात
झोपलेल्या परक्या कुत्र्याकडे बघावं तसं.
सहा मिनिटं असतील. कदाचित दोनच.
मग गेथिन तो उचलून पुन्हा खिशात घालतो.
गॅसला लागतो, म्हणतो,
शेगडीचं बटण गेलंय.

कुठल्या शेगडीचं, ती विचारते,
आणि वहीत खाली, सहीच्याही खाली
लिहून घेते: बटण.